गांधीजी आणि सेवाग्रामची काळी माती

जोहान्सबर्गला वकिली करताना गांधीजींना बद्धकोष्ठता आणि डोकेदुखीचा त्रास होता. आडॉल्फ जुस्ट या जर्मन निसर्गोपचारकाचे पुस्तक वाचून ते रात्री पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधू लागले. गुण आला, आणि मातीवरचा त्यांचा विश्वास कायमचा बसला. पुढे बोटीवर खेळताना लहानग्या रामदासचा हात मोडला. बोटीच्या डॉक्टरांनी तो बांधून दिला होता. पण घरी गांधीजींनी पट्टी सोडली, जखम धुतली आणि महिनाभर रोज मातीचा लेप दिला. हात बरा झाला. तरी १९२४ मध्ये ॲपेंडिक्स दुखावल्यावर त्यांनी पुण्याच्या ससूनमध्ये शस्त्रक्रिया करून घेतली, हेही खरे.

१९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. आपल्या भागातली माती काळी, कपाशीची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पत्थर झाला. ऊनपावसाने तो झिजला आणि त्यातल्या ॲल्युमिनियम, सिलिका व पाण्याची नवी जुळणी होऊन मॉन्टमोरिलोनाइटसारखी खनिजे बनली. त्यांचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. मधल्या फटींत पाणी शिरले की माती फुगते. उन्हाळ्यात ते गेले की शेताला भेगा पडतात, हे वर्धेकरांना सांगायला नको. मातीचा लेप कपाळावर बराच वेळ गार राहतो तो याच गुणाने. धरलेले पाणी सावकाश उडते आणि अंगाची उष्णता घेऊन जाते.

आगाखान पॅलेसच्या कैदेत गांधीजींनी आरोग्यावर छोटे पुस्तक लिहिले. त्यातल्या नोंदी प्रांजळ आहेत. लेपाने ताप दरवेळी उतरत नाही, रोग्याला आराम मात्र पडतो, असे ते नमूद करतात. आश्रमातले टायफॉईडचे दहाएक रोगी औषधाविना बरे झाले. त्या काळी टायफॉईडवर नेमके औषध नव्हतेच. शेणखताची माती टाळावी, शंका असल्यास तापवून घ्यावी, असेही त्यांनी सुचवले.

तापवणे मात्र पुरेसे नाही. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू साध्या उकळीलाही दाद देत नाहीत. रामदासच्या बाबतीत मला नशिबाचाच वाटा मोठा दिसतो. जखमेवर, भाजलेल्या जागी किंवा बाळाच्या नाळेवर माती लावूच नये. शेतात लागले तर जखम साबणपाण्याने धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला यावे.

सेवाग्रामात विंचू फार. त्यांच्या दंशावर मातीचा गुण कमीच येतो, हे गांधीजींनीच लिहून ठेवले आहे. या दंशावर प्राझोसिनचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला, तो त्यानंतर कित्येक वर्षांनी.