नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहितीय, पण गोंडांची लिंगोकथा कागदावर आणणारा हिस्लॉप कोण होता?

हुडकेश्वरपासून सीताबर्डीपर्यंत नागपुरात कुणालाही विचारा, हिस्लॉप म्हटलं की तो सिव्हिल लाइन्समधल्या कॉलेजचा पत्ता सांगेल. पण हे नाव ज्याचं, तो माणूस कॉलेज सुरू होण्याच्या वीस वर्षं आधीच पुराच्या पाण्यात बुडून गेला होता.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा पाद्री. जन्म १८१७ चा. १८४५ मध्ये तो नागपुरात आला, तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. काम धर्मप्रसाराचं. त्यासाठी त्यानं मराठी शिकली, शाळा काढली. पण गडी भलताच चौकस. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत त्यानं नागपूरच्या आसपासचे दगड आणि जीवाश्म गोळा केले. हिस्लोपाईट हे खनिजाचं नाव त्याच्यावरूनच पडलं.

मात्र त्याचं सर्वात मोलाचं काम वेगळंच आहे.

गोंड समाजाचा इतिहास तेव्हा पुस्तकात नव्हता, तो परधानांच्या गळ्यात होता. परधान म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक. देवांच्या आणि कुळांच्या कथा ते पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ गात आले. हिस्लॉपनं एका परधानाकडून लिंगोची कथा गोंडीतच उतरवून घेतली.

त्या कथेत महादेव गोंडांना गुहेत कोंडतो. त्यांच्या सुटकेसाठी लिंगोला बिंदो पक्ष्याची पिल्लं आणायची असतात. समुद्रातला नाग ती पिल्लं गिळायला येतो, लिंगो त्याला मारतो. मग तो प्रचंड पक्षी खूश होऊन लिंगोला पिल्लांसह पाठीवर बसवून नेतो आणि गोंड मोकळे होतात. पुढे लिंगोच त्यांची कुळं लावून देतो.

४ सप्टेंबर १८६३. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत हिस्लॉप बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला प्राचीन शिळावर्तुळं बघायला गेला होता. शाळा तपासायची म्हणून तो मागं थांबला. अंधारात घोड्यावरून परतताना ओढ्याला पूर आलेला होता. त्यातच तो गेला. सेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते.

लिंगोची कथा तशीच कागदांत पडून होती. ते कागद वाळवीनं खाल्ले असते तरी कुणाला कळलं नसतं. पण टेंपलनी ते गोळा केले, नीट लावले आणि १८६६ मध्ये नागपुरातूनच पुस्तक छापलं. मूळ गोंडी शब्द आणि सोबत इंग्रजी अनुवाद. पुढं १८८३ मध्ये हिस्लॉपच्या स्मरणार्थ कॉलेज निघालं.

आता दुसरी बाजू. हिस्लॉप बाहेरचा माणूस होता आणि धर्मप्रसारासाठी आला होता. त्यानं लिहून घेतली ती एका गायकाची कथा. गोंड समाजात लिंगोची कथा आणखी वेगवेगळ्या रूपांत सांगतात. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेशी ती जोडलेली आहे, आणि माघ पौर्णिमेला हजारो लोक आजही तिथं जमतात. म्हणजे पुस्तक नसतं तरी लिंगो विसरला गेला नसता.

मग हिस्लॉपनं काय केलं? दीडशे वर्षांपूर्वीचा परधान ही कथा कोणत्या शब्दांत गात होता, ते त्याच्यामुळं आज वाचता येतं. पुस्तकावर नावं मात्र दोनच, हिस्लॉप आणि टेंपल. ज्यानं कथा गायली, त्या परधानाचं नाव तिथं नाही.

पुढच्या वेळी हिस्लॉप कॉलेजवरून जाल तेव्हा त्या पाद्रीसोबत त्या गायकाचीही आठवण काढा.