चतुर पंडितांची लक्षणगीते

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) वकिली सोडून संगीतशास्त्राकडे वळले. रागाचे स्वर, वादी-संवादी व गानसमय त्याच रागात सांगणारी लक्षणगीते त्यांनी ‘चतुर’ या नाममुद्रेने रचली. अनेक गायकांना ती रुक्ष वाटली. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हे. परंतु ‘क्रमिक पुस्तकमालिके’त बहुधा आधी सरगम, मग लक्षणगीत आणि त्यानंतरच उस्तादांकडून परिश्रमाने मिळविलेल्या घरंदाज चिजा येतात, हे टीकाकार विसरतात. नवशिक्यासाठी ती केवळ पायरी होती.

त्यांच्या प्रेरणेने सुरू झालेली अखिल भारतीय संगीत परिषद १९१९ साली वाराणसीस भरली. पुढे तेथील हिंदू विश्वविद्यालयात संगीताची धुरा वाहणाऱ्या ओंकारनाथ ठाकुरांनी भातखंड्यांची दहा थाटांची व्यवस्था अमान्य केली. तथापि त्यांची ‘संगीतांजलि’ही भागशः, सोप्याकडून कठिणाकडेच जाते.