पत कमावणारा मुद्रक : बेंजामिन फ्रँकलिन

बेंजामिन फ्रँकलिन हे नाव आपण शाळेत ऐकतो ते विजेच्या धड्यात. वादळात पतंग उडवणारा एक गृहस्थ, एवढीच त्याची ओळख. इतिहास विषय घेतलेल्यांना तो पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा म्हणून पुन्हा भेटतो. मला मात्र त्याच्याविषयी लिहावेसे वाटले ते एका हातगाडीमुळे. फिलाडेल्फिया शहरात त्याने नुकताच छापखाना घातला होता. कागद विकत घेतला की कधी कधी तो स्वतःच ते गठ्ठे एकचाकी हातगाडीवर घालून भररस्त्याने ढकलत आणी. आपल्या धंद्यातले कोणतेही काम आपल्याला हलके वाटत नाही हे गावाला दिसावे, असा त्यात हेतू होता. आणि गंमत अशी की हा हेतू त्याने पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगूनही टाकला आहे. आपण उद्योगी आणि काटकसरी होतोच, पण त्याच्या उलट काही दिसू नये याचीही आपण काळजी घेत होतो, अशी त्याची कबुली आहे.

हल्ली नोकरीविषयक मार्गदर्शनाच्या व्याख्यानांतून ‘पर्सनल ब्रँड’ हा शब्द वारंवार कानी पडतो. साबणाला जसे नाव असते तसे माणसाने स्वतःचे नाव करावे, म्हणजे नोकरीत पुढे जाता येते, असा त्याचा आशय. शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. आपल्याकडे तिला पत म्हणतात. आठवड्याच्या बाजारात दुकानदार एकाला दोन महिने उधारी देतो आणि दुसऱ्याला काड्यापेटीसुद्धा रोखीने घ्यायला लावतो, तेव्हा तो ज्या गोष्टीचा हिशेब करतो तीच ही पत. ज्याच्या आजोबा-पणजोबांनी ती कमावून ठेवली त्याचे काम सोपे. ज्याच्या आडनावाला बाजारात कोणी ओळखत नाही त्याने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर फ्रँकलिनच्या आयुष्यात जितके स्पष्ट सापडते तितके क्वचितच कोठे सापडेल. म्हणून हा लेख.

फ्रँकलिनचा जन्म 17 जानेवारी 1706 रोजी बोस्टन येथे झाला. वडील चरबीच्या मेणबत्त्या व साबण करीत. दोन बायकांपासून त्यांना सतरा मुले झाली आणि त्यांतला बेंजामिन हा सर्वांत धाकटा मुलगा. शाळा मिळाली ती जेमतेम दोन वर्षे. दहाव्या वर्षी तो वडिलांच्या हाताखाली मेणबत्तीच्या वाती कापू लागला. त्या कामात त्याचे मन रमेना, म्हणून बाराव्या वर्षी थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात त्याला उमेदवार म्हणून बांधून टाकण्यात आले. मुदत होती वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत.

जेम्सने 1721 साली एक वृत्तपत्र काढले. धाकट्या भावाला त्यात लिहावेसे वाटे, पण उमेदवाराचे लिखाण भाऊ छापणार नाही हे उघड होते. मग 1722 मध्ये सोळा वर्षांच्या या पोराने सायलेन्स डुगुड या मध्यमवयीन विधवेच्या नावाने पत्रे लिहिली आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवली. अशी चौदा पत्रे छापून आली. जेम्स व त्याचे विद्वान स्नेही त्यांची तारीफ करीत आणि हा लेखक गावातला कोण असावा याचे तर्क लढवीत. पोरगा तेथेच खिळे जुळवीत ऐकत असे! नाव कोणते लावले यावर वाचणाऱ्याचे मत कसे ठरते, हे त्याला त्या वयात कळले.

भावाचा मार आणि जाच असह्य होऊन 1723 मध्ये, सतराव्या वर्षी, तो करार मोडून पळाला. न्यूयॉर्कला काम मिळाले नाही, तेव्हा तो फिलाडेल्फियास गेला. तेथे तो उतरला तेव्हा त्याच्यापाशी एक डच डॉलर आणि शिलिंगभर तांब्याची मोड एवढीच पुंजी होती. तीन पेन्सचे तीन मोठे पाव घेऊन, दोन काखांत दोन आणि एक खात खात, तो रस्त्याने चालला. एका घराच्या दारात उभ्या असलेल्या डेबोरा रीड नावाच्या मुलीला हे ध्यान पाहून हसू आले. पुढे हीच त्याची पत्नी झाली. हा प्रसंग अमेरिकेतल्या मुलांना तोंडपाठ असतो. पण तो जगाला सांगितला कोणी? खुद्द फ्रँकलिननेच, 1771 साली, पासष्टाव्या वर्षी, इंग्लंडमधील एका बिशपच्या घरी पाहुणा असताना. माझी ही सुरुवात आणि पुढची माझी योग्यता यांची तुलना तुम्हांला करता यावी म्हणून सांगतो, असे त्याचे म्हणणे. म्हणजे दारिद्र्यसुद्धा त्याने वाया जाऊ दिले नाही. ज्या फाटकेपणाची लाज वाटून आपण तो लपवतो, तोच त्याने पुढे मानाने मिरवला. अर्थात वर पोहोचल्यावरच हे साधते, हेही खरे.

मधल्या काळात तो लंडनला जाऊन आला. तेथील छापखान्यात इतर कामगार दिवसभर बिअर पीत आणि हा नुसते पाणी. इतर जण खिळ्यांचा एक फर्मा दोन्ही हातांनी धरून जिना चढत. हा दोन हातांत दोन फर्मे नेई. 1726 मध्ये तो परतला आणि 1728 मध्ये ह्यू मेरेडिथ या भागीदारासह त्याने स्वतःचा छापखाना काढला.

येथून पुढची दोन-तीन वर्षे मला त्याच्या सगळ्या आयुष्यात महत्त्वाची वाटतात. गावात आधीच दोन छापखाने होते. तिसरा चालणार नाही, असे व्यापाऱ्यांच्या क्लबात बहुतेकांचे मत पडले. तेव्हा डॉक्टर बेअर्ड नावाच्या गृहस्थाने वेगळे मत दिले. आपण रात्री क्लबातून घरी जातो तेव्हा हा फ्रँकलिन काम करीत असतो आणि सकाळी शेजारीपाजारी उठायच्या आत पुन्हा कामाला लागलेला असतो, असे त्याने सांगितले. हे ऐकून एका व्यापाऱ्याने कागद वगैरे सामान उधारीवर देऊ केले. ते कष्ट खोटे नव्हते. एकदा दिवसभराचे काम संपल्यावर जुळवलेले दोन पानांचे खिळे हातून विस्कटले, तर त्याने सगळे खिळे पुन्हा जागच्या जागी लावून ती पाने रातोरात नव्याने जुळवली आणि मगच तो झोपला. पण खिडकीतला दिवा रस्त्यावरून दिसत होता, हेही तितकेच खरे. तो साधे कपडे घाली, करमणुकीच्या जागी दिसत नसे, मासे धरायला किंवा शिकारीला जात नसे. पुस्तक मात्र कधी कधी कामातून ओढून नेई. पण ते घरात बसून वाचायचे असल्यामुळे त्याचा बोभाटा होत नसे, असे तो मिस्कीलपणे सांगतो.

याच्या उलट चित्रही तेथेच होते. डेव्हिड हॅरी नावाच्या तरुणाला छापखान्याचे काम फ्रँकलिननेच शिकवले होते. त्याला एक चालता छापखाना हाती आला. फ्रँकलिनने भागीदारी सुचवली ती त्याने तुच्छतेने झिडकारली. तो उंची कपडे घालून साहेबासारखा राहू लागला, चैन करू लागला, कर्जात बुडाला आणि अखेर छापखान्याचे सामान घेऊन बार्बाडोस बेटावर निघून गेला. दिखावा त्यानेही केला होता. त्याच्यामागे काम नव्हते. तिकडे फ्रँकलिनचा भागीदार मेरेडिथ दारू पिऊन रस्त्यात दिसे. धनको दाराशी आले तेव्हा विल्यम कोलमन आणि रॉबर्ट ग्रेस हे दोन मित्र, एकमेकांना न कळवता आणि फ्रँकलिनने न मागता, वेगवेगळे येऊन पैसे देऊ लागले. अट एकच : मेरेडिथला सोड. कोणाचेच मन दुखवू नये म्हणून फ्रँकलिनने दोघांकडून निम्मी निम्मी रक्कम घेतली. हातगाडी, दिवा, साधे कपडे या सगळ्याची किंमत त्या दिवशी रोख वसूल झाली.

पुढची चढण भराभर झाली. विधानसभेचे एक निवेदन दुसऱ्या मुद्रकाने गचाळ छापले होते. फ्रँकलिनने तेच सुबक व बिनचूक छापून प्रत्येक सभासदाकडे एक एक प्रत पाठवली. पुढच्या वर्षी विधानसभेचे काम त्याच्याकडे आले. रिचर्ड साँडर्स या टोपणनावाने त्याने 1732 पासून पंचवीस वर्षे पंचांग काढले. त्याच्या वर्षाला दहा हजारांपर्यंत प्रती खपत. 1736 मध्ये तो विधानसभेचा कारकून झाला आणि 1737 मध्ये पोस्टमास्तर. 1748 मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, तो रोजच्या धंद्यातून मोकळा झाला व विजेच्या प्रयोगांकडे वळला. दोन वर्षे शाळा शिकलेल्या या माणसाला 1753 मध्ये हार्वर्ड व येल यांनी सन्माननीय पदवी दिली, 1759 मध्ये सेंट अँड्र्यूजने आणि 1762 मध्ये ऑक्सफर्डने डॉक्टर केले. घरात पदवीचा कागद प्रथमच यायचा आहे अशा माझ्यासारखीला हे वाचताना मौजही वाटते आणि थोडा हेवाही.

स्वतःचे नाव कोठे लपवावे हेही तो शिकला होता, आणि मला हा भाग फार शहाणपणाचा वाटतो. 1731 मध्ये त्याने वर्गणीचे ग्रंथालय सुरू केले. पन्नास सभासद, प्रत्येकी चाळीस शिलिंग आणि पुढे दरसाल दहा. वर्गणीसाठी फिरताना त्याला कळले की ही माझी योजना असे म्हटले की लोक आखडतात. मग काही मित्रांची ही योजना आहे, त्यांनी मला पाठवले आहे, असे तो सांगू लागला. श्रेय नंतर येतेच, हा त्याचा अनुभव. त्याने तेरा सद्गुणांची वही ठेवली होती. त्यांतला नम्रता हा गुण एका मित्राने गर्विष्ठपणा दाखवून दिल्यावर शेवटी घातला. त्याबद्दल तो लिहितो की खरी नम्रता मला फारशी साधली नाही, तिचा देखावा मात्र बराच साधला. एवढे प्रांजळ दुसरे कोण लिहील?

या कलेचा कळस पॅरिसमध्ये झाला. लंडनमध्ये चांगले कपडे घालून वावरलेला फ्रँकलिन डिसेंबर 1776 मध्ये, सत्तराव्या वर्षी, स्वातंत्र्ययुद्धासाठी मदत मागायला फ्रान्सला गेला तो केसाळ कातड्याची टोपी घालून. विगाशिवाय न दिसणाऱ्या त्या दरबारी लोकांना हा चष्मा लावलेला साधा म्हातारा म्हणजे रानातला ऋषीच वाटला. त्याचे चित्र पदकांवर, तपकिरीच्या डब्यांवर झळकू लागले. टोपीचा परिणाम त्याला कळला होता आणि त्याने तो होऊ दिला. 1778 चा फ्रान्सशी तह त्या टोपीमुळे झाला असे कोणी म्हणणार नाही, पण टोपीने दारे उघडली.

आता जे दाराआड राहिले त्याविषयी लिहिले पाहिजे. मी मुलगी आहे म्हणून असेल, पण मला डेबोराचा विसर पडत नाही. घड्या घालणे, पुस्तके शिवणे, दुकान सांभाळणे, कागदासाठी चिंध्या विकत घेणे ही कामे ती करी. नवऱ्यासाठी तिने एकदा तेवीस शिलिंग खर्चून चिनी मातीचा वाडगा व चांदीचा चमचा आणला. शेजाऱ्यांच्या नवऱ्यांइतकाच माझ्या नवऱ्याचाही मान आहे, एवढेच तिचे म्हणणे. 1765 मध्ये स्टँप कायद्यावरून गाव फ्रँकलिनवर उलटले आणि घरावर जमाव येण्याची भीती पडली तेव्हा तो लंडनला होता. डेबोरा घर न सोडता बंदुका जवळ घेऊन राहिली. 1764 च्या अखेरीस गेलेला नवरा तिला पुन्हा दिसला नाही. डिसेंबर 1774 मध्ये ती वारली. आत्मचरित्राचा पहिला भाग ज्या मुलाला उद्देशून लिहिला तो विल्यम युद्धात इंग्लंडच्या बाजूला राहिला, तर बापाने मृत्युपत्रात त्याला जवळजवळ काहीच ठेवले नाही.

आणि गुलाम. करार मोडून पळालेल्या या उमेदवाराच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या आणि पळालेल्यांच्या शोधाच्या जाहिराती छापून येत. घरी त्याने स्वतः गुलाम ठेवले. त्यांतला किंग नावाचा एक जण इंग्लंडमध्ये त्याच्यापासून पळून गेला. सतरा वर्षांच्या फ्रँकलिनचे पळणे साऱ्या जगाने कौतुकाने वाचले. किंगचे आत्मचरित्र नाही. उतारवयात फ्रँकलिनचे मत बदलले. 1787 मध्ये तो पेनसिल्व्हानियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि फेब्रुवारी 1790 मध्ये गुलामगिरी संपवण्याचा अर्ज त्याच्या सहीने काँग्रेसपुढे गेला. त्यासाठी त्याने आपले जन्मभराचे नाव खर्ची घातले, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येते. उशीर झाला होता, हे मात्र माझ्याने गिळवत नाही.

17 एप्रिल 1790 रोजी तो गेला. मृत्युपत्राच्या आरंभी त्याने आपल्या नावापुढे प्रथम शब्द घातला तो मुद्रक. राजदूत वगैरे त्यानंतर. त्याच मृत्युपत्राच्या पुरवणीत बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना त्याने प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले. उमेदवारी पुरी केलेल्या, पंचविशीच्या आतील विवाहित कारागिरांना धंदा सुरू करण्यासाठी ते पाच टक्के व्याजाने द्यावेत, आणि हा निधी दोनशे वर्षे चालावा, अशी व्यवस्था होती. तारुण्यात आपल्याला दोन मित्रांनी कर्ज दिले म्हणून आपण उभे राहिलो, असे कारणही त्याने तेथे नोंदवले आहे. 1990 मध्ये मुदत संपली तेव्हा बोस्टनच्या निधीत सुमारे पन्नास लाख डॉलर आणि फिलाडेल्फियाच्या निधीत सुमारे वीस लाख डॉलर जमले होते. कर्ज मागायला येणाऱ्या तरुणाकडे वडिलांचे नाव किंवा घरजमीन यांची विचारणा नव्हती. त्याच्या चारित्र्याची खात्री देणारे, त्याला जामीन राहायला तयार असणारे गावातले दोन प्रतिष्ठित नागरिक त्याने आणावेत, एवढीच अट होती.