शरीराचे तुटीचे अंदाजपत्रक

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निघाले की पाठोपाठ 'मवाळ' हे विशेषण येते आणि बहुतेक चर्चा तेथेच थांबते. त्यांचा मार्ग योग्य होता की अयोग्य, यावर महाराष्ट्राने पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. परंतु हे सर्व काम ज्या देहाकडून त्यांनी करवून घेतले, त्या देहाची अवस्था काय होती, याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. गोखले वारले ते 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. अखेरची काही वर्षे मधुमेहाने त्यांना आतून पोखरले होते. त्या काळातील त्यांची कामे तारखांसह एका कागदावर मांडली, तर निरोगी माणसालाही धाप लागावी.

या कर्तव्यनिष्ठेचे मूळ त्यांच्या तरुणपणी सापडते. 1866 साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी जन्मलेल्या या मुलाचे शिक्षण वडील बंधूंनी स्वतःचे शिक्षण सोडून, पंधरा रुपयांच्या पगारातून आठ रुपये पाठवून करविले. पदवी मिळताच वकिली किंवा सरकारी नोकरी करून घरची ओढाताण संपवावी, ही अपेक्षा स्वाभाविक होती. गोखल्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व पत्करले. मासिक वेतन पंचाहत्तर रुपये, निवृत्तिवेतन तीस रुपये आणि वीस वर्षांच्या सेवेची शपथ. एकदा दिलेला शब्द म्हणजे डोक्यावरचे कर्ज, आणि ते फेडल्याखेरीज सुटका नाही, ही वृत्ती तेव्हापासूनची आहे. ती त्यांना पुढे फार महाग पडली.

1897 साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस निघाले. बरोबर दिनशा वाच्छा होते. वाटेत फ्रान्सच्या किनाऱ्यावर, कॅले येथे ते पडले आणि छातीला जबर मार बसला. वेदना असह्य होत्या, तरी सोबत्यांना त्रास नको म्हणून लंडनला पोहोचेपर्यंत त्यांनी त्या अंगावर काढल्या. तेथे डॉक्टरांनी तपासल्यावर दुखापतीचे गांभीर्य उघड झाले आणि कित्येक दिवस बिछान्यात काढावे लागले. त्यानंतर ते आयोगापुढे बसले आणि लष्करी खर्च, रेल्वे, शेतसारा यांवरील उलटतपासणीला आकड्यांनिशी सामोरे गेले. वयाची तिशी नुकतीच गाठली होती. या प्रसंगाचे वर्णन करताना चरित्रकारांच्या लेखणीला कौतुकाचे भरते येते. माझे मत थोडे निराळे आहे. दुखणे लपविण्यात त्या वयात पराक्रम वाटतो, पण त्याने ना वेदना कमी होते ना काम वाढते, आणि उपचार लांबतो तो वेगळाच.

1901 च्या डिसेंबरात कलकत्त्यास काँग्रेस भरली. ती आटोपल्यावर दक्षिण आफ्रिकेतून आलेले गांधी सुमारे महिनाभर गोखल्यांच्या बिऱ्हाडी राहिले. गोखले व्यायाम करीत नाहीत, साधे फिरावयासही जात नाहीत, हे गांधींना खटकले आणि प्रकृती नेहमी बिघडते ती त्यामुळेच, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. फिरावयास जाण्याइतकी सवड मला कधी असते ते तुम्हीच दाखवा, अशा आशयाचे उत्तर मिळाले. गांधींचे समाधान झाले नाही आणि ते होण्याजोगेही नव्हते. परंतु या उत्तराची दुसरी बाजू त्या वर्षीच्या मार्च महिन्यात दिसली.

26 मार्च 1902 रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. अर्थशास्त्र शिकविताना मी ते भाषण विद्यार्थ्यांना आवर्जून वाचावयास सांगतो. सुमारे सात कोटींची शिल्लक दाखवून सरकार स्वतःची पाठ थोपटून घेत होते. दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या देशात शिल्लक उरते ती लोकांच्या सुबत्तेमुळे नव्हे. रुपयाचा विनिमयदर वर चढविला गेला, पण दर पडलेला असताना बसविलेले कर मात्र तसेच ठेवले गेले, म्हणून ती उरते, हे त्यांनी एकेका आकड्याची फोड करून दाखविले. हाताशी ना सचिवालय, ना संशोधक साहाय्यक. मागील पंधरा-वीस वर्षांचे जमाखर्च स्वतः चाळावयाचे आणि भाषण स्वतः रचावयाचे, असा खाक्या. पुढे वर्षानुवर्षे हाच क्रम चालला. मिठावरील कर दर मणी अडीच रुपये होता. तो 1903 मध्ये दोन, 1905 मध्ये दीड आणि 1907 मध्ये एक रुपयावर आला. याचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे अतिशयोक्तीचे ठरेल, पण दरवर्षी तोच प्रश्न तितक्याच तयारीने मांडणारा माणूस तेथे बसलेला होता, हे विसरता येणार नाही.

मधुमेह हा शब्द आज घरोघरी परिचित आहे आणि म्हणूनच त्या काळी त्याचा अर्थ काय होता हे सांगणे आवश्यक आहे. टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिनचा शोध लावला तो 1921 साली. पहिल्या रुग्णाला ते टोचले गेले जानेवारी 1922 मध्ये. गोखले तोपर्यंत निवर्तून सात वर्षे होत आली होती. त्यांच्या हयातीत या रोगावर पथ्य, विश्रांती आणि हवापालट यांपलीकडे वैद्यकशास्त्राजवळ काही नव्हते. रक्तात साखर असते, पण शरीराला ती वापरता येत नाही, म्हणून भरल्या ताटावरून उठलेला माणूसही आतून उपाशीच राहतो. झोपेने न जाणारा थकवा येतो, तहान लागते, वजन उतरते. गोखल्यांना विश्रांती सांगितली जात असे आणि नेमकी तीच गोष्ट त्यांच्या दिनक्रमात बसत नसे.

1912 हे वर्ष यासाठी बारकाईने पाहण्यासारखे आहे. मार्चमध्ये त्यांच्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकावर दोन दिवस चर्चा झाली आणि ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडले. त्याच महिन्यात त्यांनी गिरमिट पद्धती बंद करण्याचा ठराव मांडला. उन्हाळ्यात ते विलायतेस गेले आणि तेथून 22 ऑक्टोबरला केपटाऊनला उतरले. सुमारे चार आठवड्यांत दक्षिण आफ्रिकेतील गावोगावच्या सभा आणि शिष्टमंडळे झाली. भाषण मराठीत करा, मी हिंदुस्थानीत भाषांतर करतो, असा गांधींचा आग्रह होता. तो त्यांनी मानला आणि परदेशातील ती मराठी भाषणे गांधींनी श्रोत्यांना उलगडून सांगितली. टॉलस्टॉय फार्मवर जाताना स्टेशनपासून दीड मैल चालावे लागले, त्यात पाऊस आला आणि गोखल्यांना सर्दी बाधली. त्यांच्यासाठी मुद्दाम मागवून ठेवलेली खाट त्यांनी नाकारली आणि सर्वांप्रमाणे जमिनीवरच अंथरूण घातले. पाय चेपून देतो, असे गांधी आणि कॅलनबाख यांनी विनविले, तेव्हा ते रागावले. कष्ट सोसण्याची मक्तेदारी तुमचीच आहे काय, असा त्या रागाचा रोख होता. त्यानंतर प्रिटोरियात बोथा आणि स्मट्स प्रभृती मंत्र्यांची भेट होती. तीन पौंडांच्या कराचा सारा इतिहास त्यांनी गांधींकडून लिहवून घेतला आणि परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणे, रात्र जागून, पुनःपुन्हा घोकला.

डिसेंबरात मुंबई, वर्षअखेर बांकीपूरची काँग्रेस, आणि जानेवारी 1913 पासून लॉर्ड इस्लिंग्टन यांच्या अध्यक्षतेखालील सनदी नोकऱ्यांच्या रॉयल कमिशनचे दौरे. सरकारी नोकऱ्यांत हिंदी लोकांना स्थान किती आणि कोणत्या वेतनावर, हा विषय असल्याने गोखल्यांना तो टाळणे शक्य नव्हते. त्यातच 1913 च्या अखेरीस नाताळमधील मजुरांचा संप भडकला. खुद्द अंथरुणाला खिळलेले असता त्यांनी तारांचे ढीग हातावेगळे केले, निधी जमविला आणि सी. एफ. अँड्र्यूज व पिअर्सन यांना तिकडे रवाना केले. 1914 मध्ये तो तीन पौंडांचा कर गेला.

त्याच वर्षी उपचारार्थ ते फ्रान्सला गेले. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले तेव्हा ते पॅरिसमध्ये अडकून पडले. नंतर लंडनमध्ये एक प्रसंग घडला, त्यात गोखल्यांचा सारा अंतर्विरोध एकवटला आहे. गांधींना फुफ्फुसाच्या आवरणाचा दाह झाला होता आणि ते दूध घेण्यास तयार नव्हते. डॉक्टर सांगतील ते खाल्ले पाहिजे, असा गोखल्यांचा आग्रह होता. गांधींनी विचाराला चोवीस तास मागून घेतले आणि शेवटी नकार दिला. गोखल्यांना तो पटला नाही, पण त्यांनी तो सहन केला. डॉक्टरची आज्ञा दुसऱ्याने मोडू नये म्हणून तळमळणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत विश्रांतीची तीच आज्ञा वर्षानुवर्षे मोडीत आला होता.

आता प्रश्न असा की याला आदर्श म्हणावे काय? आपल्याकडे कचेऱ्यांत आणि शाळा-महाविद्यालयांत अशी माणसे आहेत, ज्यांचे दुखणे कोणाला दिसत नाही. पट्टी नाही, प्लास्टर नाही, ताप नाही; पण सांधे ठणकतात, दुपारनंतर डोके उचलत नाही. त्यांनी रजेचा अर्ज केला की वरिष्ठांच्या भुवया वर जातात आणि मग एखादा वक्ता थोर पुरुषांची उदाहरणे देतो. गोखल्यांचे चरित्र अशा कामी वापरणे हा त्यांच्यावर आणि त्या सहकाऱ्यांवरही अन्याय होय. त्यांनी ओढलेले ओझे पुष्कळसे एकट्याने ओढण्याचे नव्हतेच. मागे पगारी कचेरी असलेला पक्ष असता, आकडे जुळविणारे चारजण असते, तर बिछान्यातून तारा लिहिण्याची पाळी आली नसती. एका माणसाच्या प्रकृतीतून तूट भरून काढीत नेमस्तांचे राजकारण चालले होते, असे एक अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला म्हणावेसे वाटते. आणि तूट भरून काढण्याची ही रीत किती दिवस चालते, हे गोखल्यांना आकड्यांच्या क्षेत्रात कोणी सांगावयास नको होते.

किंबहुना त्यांना ते कळलेही होते. 12 जून 1905 रोजी पुण्यात स्थापिलेली भारत सेवक समाज ही संस्था याच जाणिवेतून आली असे मला वाटते. अल्प वेतनावर जन्मभर देशकार्य करणारे प्रशिक्षित कार्यकर्ते तयार करावेत, म्हणजे काम व्यक्तीवर अवलंबून राहणार नाही. श्रीनिवास शास्त्र्यांसारखा माणूस त्यातून पुढे आला. पण संस्था उभी राहावयास वेळ लागतो आणि तोवर संस्थापकाने एकेक जबाबदारी खाली ठेवावयाची असते. गोखल्यांना ते साधले नाही. त्यांनी नाकारले ते 1914 मध्ये देऊ केलेले 'सर' हे पद. काम मात्र नाकारले नाही.

गांधी हिंदुस्थानात परतले 9 जानेवारी 1915 रोजी. प्रकृती ठीक नसतानाही गोखले त्यांना भेटण्यासाठी मुंबईस गेले. मग पुण्यात, भारत सेवक समाजाच्या आवारात, गांधींसाठी फळे आणि सुका मेवा यांचा अल्पोपाहार ठेवला होता. जागा गांधींच्या खोलीपासून चार पावलांवर. पण तेवढेही अंतर चालण्याची गोखल्यांची स्थिती नव्हती. ते हट्टाने आले, त्यांना मूर्च्छा आली आणि उचलून न्यावे लागले. मूर्च्छा येणे नवीन नव्हते. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप धाडला की मंडळींनी कार्यक्रम चालू ठेवावा. तीस वर्षांचा तरुण कॅलेच्या वाटेवर वेदना गिळून बसला होता; येथे आजार सर्वांच्या डोळ्यांसमोर होता आणि त्याची लाज उरली नव्हती. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

अखेरच्या दिवसांत त्यांनी राज्यकारभारातील सुधारणांची एक योजना लिहून काढली. ती लॉर्ड विलिंग्डन यांनी मागितली होती. 1917 मध्ये ती आगाखान यांनी प्रसिद्ध केली. इस्लिंग्टन कमिशनचा अहवालही 1917 मध्येच बाहेर आला. त्यावर गोखल्यांची सही नव्हती. हिंदी लोकांची बाजू मांडणारी दीर्घ भिन्नमतपत्रिका त्याला जोडलेली होती, ती लिहिली होती न्यायमूर्ती अब्दुर रहीम यांनी.