रखमाबाईंच्या नावाचा कागद

आमच्या वाड्यात बेलिफ आला की बायका दारं लोटून घेत. शेजारच्या काकूंना घटस्फोटाचं समन्स आलं, तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. काकूंनी पदर सारखा केला, सही केली आणि कागद देव्हाऱ्यामागे ठेवून दिला. पुढं डॉ. रखमाबाईंचं चरित्र वाचताना तो कागद मला आठवत राहिला.

रखमाबाई मुंबईच्या; जन्म १८६४ चा. वडील लवकर गेले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजींशी झालं, पण त्या माहेरीच राहिल्या.

हिंदू स्त्रीला तेव्हा घटस्फोट मागण्याची सोय नव्हती. नवऱ्याला मात्र कोर्टामार्फत बायकोला नांदायला बोलावता येई. मार्च १८८४ मध्ये दादाजींची वकिली नोटीस आली, तीही सावत्र वडिलांना! बायकोला अडवू नका, असं त्यांना बजावलेलं. जिचं आयुष्य पणाला लागलं, तिला कुणी विचारलंच नव्हतं. सखाराम अर्जुन यांनी कळवलं, आपण अडवलेलं नाही. मग दावा थेट रखमाबाईंवर झाला. विशीतल्या मुलीला प्रतिवादी म्हणून स्वतःच्या नावानं उत्तर द्यावं लागलं. माझ्या मते दादाजींची चूक झाली ती इथंच. नोटीस वडीलधाऱ्यांत मिटली असती. दाव्यानं रखमाबाईंना बोलायची जागा दिली.

नकळत्या वयात, संमतीवाचून झालेलं लग्न आपल्याला बांधत नाही, हे त्यांचं म्हणणं. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले होते. पुढं अपील झालं आणि प्रकरण परत आलं. 'केसरी'नं दादाजींची बाजू घेतली, हेही नोंदवायला हवं. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याच्या आत नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग, असा हुकूम दिला. ज्या इंग्लंडातून हा दावा आपल्याकडे आला, तिथं ही कैद १८८४ मध्येच रद्द झाली होती! रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. अखेर जुलै १८८८ मध्ये २००० रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाची अंमलबजावणी सोडली.

त्यानंतर लंडनला जाऊन रखमाबाई डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथं त्यांनी बायकांवर उपचार करण्यात हयात घालवली.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्यात घटस्फोटाचं कलम आहे. नांदायला बोलावण्याचंही आहे, नववं. ते आता नवरा-बायको दोघांनाही वापरता येतं.