हुआन रुल्फो : थोडे लिहिणारा मोठा लेखक

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढले नव्हते. त्यामुळे गोष्ट लिहायची तर भारदस्त शब्द हवेत, घरातली बोली कागदावर येता कामा नये, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत मेक्सिकोच्या हुआन रुल्फो या लेखकाने मोडली.

रुल्फो यांचा जन्म १६ मे १९१७ रोजी हालिस्को प्रांतात झाला. ते सहा वर्षांचे असताना वडिलांचा खून झाला आणि चार वर्षांनी आईही गेली. त्याच सुमारास सरकार आणि कॅथलिक बंडखोर यांच्यातील लढाईने त्या भागातली गावे होरपळत होती. एका धर्मगुरूने आपली पुस्तके रुल्फोंच्या आजीकडे ठेवली होती. ती या पोरक्या मुलाने वाचून काढली. पुढे ग्वादालाहारा शहरातल्या अनाथाश्रमात दिवस गेले. विद्यापीठाची पदवी काही मिळाली नाही. मेक्सिको शहरात ते व्याख्यानांना नुसते श्रोते म्हणून बसत. पोटासाठी त्यांनी सरकारी कचेरीत नोकरी केली, टायर कंपनीचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले.

१९५३ साली त्यांचा कथासंग्रह निघाला आणि १९५५ साली 'पेद्रो पारामो' ही लहानशी कादंबरी. मुख्यतः या दोन पुस्तकांवरच त्यांची कीर्ती उभी आहे. १९६१ साली एका मित्राने ही कादंबरी गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या हाती दिली. त्यांनी ती एका रात्रीत दोनदा वाचली म्हणतात! सहा वर्षांनी त्यांची स्वतःची जगप्रसिद्ध कादंबरी आली.

मी ती इंग्रजी अनुवादात, शेजारी शब्दकोश ठेवून वाचली. एक मुलगा आईला दिलेल्या शब्दाखातर बापाच्या शोधात कोमाला गावी जातो. तिथे एक बाई त्याची वाटच पाहत असते, कारण तू येणार हे त्याच्या आईनेच तिला कळवलेले असते. आई तर वारलेली! ते ऐकून बाई घाबरत नाही. तरीच तिचा आवाज इतका क्षीण येत होता, असे तिला वाटते. गाव मेलेल्यांचे आहे, हे आपल्याला असे हळूहळू उमगते. लेखक मध्ये येऊन काही समजावीत नाही. माणसे मात्र साधे, खेड्यातलेच बोलतात.

माझी आजी अजूनही संध्याकाळी आजोबांच्या नावची एक भाकरी काढून ठेवते. त्यावर मी वीस पानी गोष्ट लिहिली होती. तिच्यात दुःख म्हणजे काय, हे सांगण्यातच निम्मी पाने गेली होती. रुल्फोंनी आपल्या कादंबरीतली कित्येक पाने स्वतःच काढून टाकली होती, हे वाचले आणि मीही धीर केला. भाकरी ठेवली, आजीचे बोलणे ठेवले, बाकीचे खोडले. सहा पाने उरली.

७ जानेवारी १९८६ रोजी रुल्फो मेक्सिको शहरात वारले. माझी गोष्ट अजून पुरती जमलेली नाही. पण ती आता आमच्या घरातली वाटते.