जयपालसिंग मुंडा : हॉकीतल्या पहिल्या सुवर्णपदकाचे कर्णधार



९ ऑगस्टला आपण जागतिक आदिवासी दिन साजरा करतो आणि २९ ऑगस्टला मेजर ध्यानचंद यांच्या जयंतीचा राष्ट्रीय क्रीडा दिन. या दोन्ही दिवशी ज्यांची गोष्ट सांगता येईल असे एक थोर व्यक्तिमत्त्व आहे, पण आपल्या भाषणांत त्यांचं नाव क्वचितच येतं. ते म्हणजे जयपालसिंग मुंडा.

बालपण आणि शिक्षण

जयपालसिंग यांचा जन्म ३ जानेवारी १९०३ रोजी आजच्या झारखंडमधील खुंटी भागातल्या टकरा पाहनटोली या गावी, मुंडा आदिवासी कुटुंबात झाला. लहानपणीचं नाव प्रमोद पाहन. गावात गुरं राखणारा हा मुलगा रांचीच्या सेंट पॉल शाळेत दाखल झाला. तिथले प्राचार्य कॅनन कॉसग्रेव्ह यांनी त्याच्यातली चमक ओळखली आणि पुढे त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला नेलं. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्राची पदवी घेतली. हॉकीसाठी तिथला मानाचा 'ब्लू' किताबही मिळवला. एका शिक्षकाची नजर योग्य वेळी पडली म्हणून हे घडलं, हे आपण शिक्षकांनी विसरू नये.

नोकरी की हॉकी?

पुढे त्यांची आय.सी.एस.साठी निवड झाली. त्या काळी यापेक्षा मोठी नोकरी नव्हती. प्रशिक्षण सुरू असतानाच १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी भारतीय संघाचं कर्णधारपद त्यांच्याकडे आलं. त्यांनी रजा मागितली, ती नाकारली गेली. तरी ते खेळायला गेले. परत आल्यावर प्रशिक्षण आणखी एक वर्ष करा असं सांगण्यात आलं, तेव्हा त्यांनी आय.सी.एस.वरच पाणी सोडलं.

इकडे भारतातून निघालेल्या संघाची अवस्था बघा. पैशांची चणचण होती. मुंबईत जहाजावर चढण्याआधी हा संघ मुंबईच्या संघाकडून ३-२ असा हरला. १० मार्च १९२८ ला जहाज सुटलं तेव्हा निरोपाला फक्त तीन माणसं होती! जयपालसिंग या संघाला इंग्लंडमध्ये मिळाले. ऑलिंपिकमध्ये मात्र भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. त्यातले १४ गोल ध्यानचंद यांचे. अंतिम सामन्यात यजमान नेदरलँड्सला ३-० ने हरवलं.

इथे मुलांना एक गोष्ट खरीखुरी सांगायची. अंतिम सामन्यात जयपालसिंग खेळले नाहीत. त्या दिवशी नेतृत्व ब्रूम पिनिगर यांनी केलं. थोर माणसाच्या चरित्रातली अशी बाजू झाकायची गरज नाही.

सगळ्यात भारी संघ कोणता?

मोठ्या वर्गातली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. १९२८ ते १९५६ या काळात भारताने सलग सहा सुवर्णपदकं जिंकली, त्यामुळे वाद रंगतोच.

१९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळाला, पण स्पर्धेत संघच तीन होते. १९३६ ला बर्लिनमध्ये ध्यानचंद कर्णधार होते. ३८ गोल केले, एकच खाल्ला आणि अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ ने हरवलं. त्याच जर्मनीकडून आधी सराव सामन्यात हार झाली होती, म्हणून या विजयाचं वजन जास्त. १९४८ चा संघ फाळणीनंतरचा. कित्येक चांगले खेळाडू पाकिस्तानात गेलेले. तरी लंडनमध्ये ब्रिटनलाच ४-० ने नमवलं. १९५६ ला मेलबर्नमध्ये ३८ गोल आणि एकही गोल खाल्ला नाही, पण अंतिम सामन्यात पाकिस्तानवर विजय फक्त १-० ने.

नुसता खेळ पाहिला तर माझं मत १९३६ च्या संघाला. पण 'भारी' म्हणजे ज्याच्या पुढे वाट नव्हती आणि ज्याने ती पाडली, असा अर्थ घेतला तर १९२८ च्या संघाला तोड नाही. १९३६ चे खेळाडू निघाले तेव्हा भारत जिंकू शकतो हे जगाला माहीत होतं. १९२८ ला निरोपाच्या तीन माणसांपलीकडे कुणाला फारशी आशा नव्हती.

मैदानाबाहेरची लढाई

जयपालसिंग पुढे आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, शिक्षक होते. रायपूरच्या राजकुमार कॉलेजातही त्यांनी काम केलं. १९३९ मध्ये ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले. संविधान सभेत आदिवासींच्या जमिनीसाठी आणि 'आदिवासी' याच शब्दासाठी ते ठामपणे बोलले. लोकशाही आदिवासींना शिकवायची गरज नाही, ती त्यांच्या जगण्यात आधीपासून आहे, हे त्यांनी तिथे मांडलं. झारखंड पक्ष काढला, लोकसभेत निवडून गेले. १९६३ मध्ये तो पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला, यावर आजही मतभेद आहेत. २० मार्च १९७० रोजी त्यांचं निधन झालं. झारखंड राज्य झालं ते १५ नोव्हेंबर २००० ला.

वर्गात काय घ्याल?

१. वरची आकडेवारी फळ्यावर तक्त्यात मांडा. कोणता संघ भारी, हे मुलांना ठरवू द्या. मात्र प्रत्येकाने कारण सांगायचंच.
२. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीबरोबर जयपालसिंग यांचीही आठवण करा. तारीख एकच आहे.

आणि पालकहो, खेळणारं पोर अभ्यासात कच्चंच असणार, किंवा पाड्यावरचं पोर फक्त पळण्यात पुढे असणार, असं आपण फार लवकर ठरवून टाकतो. गुरं राखणारा प्रमोद ऑक्सफर्डला पोहोचला, कारण त्याच्याबद्दल कुणी असं ठरवून टाकलं नव्हतं. आपल्या भिल्ल, पावरा मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.